लांबी

रीगातल्या जुन्या जकात-गोदामात, तिसऱ्या दालनात
मी पात्याने भिंत खरवडते आहे.
गुरुवारी नवं प्रदर्शन. आज सोमवार.
भिंतीला कान असतात म्हणतात,
मला आजवर नुसती भोकं सापडली.

पांढऱ्याखाली पांढरा, त्याखाली जरा पिवळट पांढरा,
मग एकदम शेवाळी हिरवा. तो कुणाचा हट्ट
हे फायलीत आहे: चार डबे, दोन आठवडे, एक भांडण.
हिरव्याखाली लाल पापुद्रा, नखाएवढाच.
कुणीतरी नुसता ब्रश पुसला असेल.

घासकागद फिरवला की कडी उमटतात,
ओंडक्यात असतात तशी. मी मोजत नाही.
इल्मार्स मोजायचा, माझ्याआधी बावीस वर्षं
ह्याच शिडीवर. त्याची पेन्सिल अजून भिंतीत आहे:
१५०, रेघ, बाण,
आणि दाराजवळ, 'इथे पोकळ. जड काही नको.'

सगळी चित्रं दीडशेवर.
माणसाचा डोळा तिथे असतो
असं कधीतरी ठरलेलं आहे.

पण खिडकीलगत आज एक रांग लागली.
लांबीचे अकरा ठिपके, एकशे दहावर,
एका पातळीत, काळजीने बुजवलेले.
चूक अकरा वेळा होत नाही.

पहाऱ्यावरची औस्मा खुर्चीतूनच म्हणाली,
"ती मिर्ड्झा. चाकांच्या खुर्चीत.
टेप तिच्याच हातात होती. म्हणाली, इथे.
इल्मार्स तासभर हुज्जत घालत होता,
मग गुडघे टेकले त्याने, आणि ठोकायला लागला.
उद्घाटनाला सगळे कंबर धरून वाकलेले.
पेपरवाला तर वैतागून निघूनच गेला."

चित्रं कसली होती?

"नदीची असतील. कोण जाणे.
मला पाठी आठवतात."

ती चहाला गेल्यावर मी खाली बसले,
डोळे एकशे दहावर आणून.
तिथून खिडकीचा कठडा दौगावा पूर्ण झाकतो.
उरतो बंदरातल्या क्रेनचा हात
आणि बरंचसं आभाळ.
नदी नसावी त्या चित्रांत.

ठिपके मी उकरले नाहीत.
शेजारी लिहिलं, ११०, रेघ, बाण,
आणि रंगाचा डबा उघडला.
पहिल्या हातातून रेघ अजून दिसत होती.
दुसऱ्याआधी मीही चहाला गेले.