शेळीला उद्देशून

पाण्याच्या टाकीखाली रेंज धरते,
म्हणून मी तिथे बसते, पोत्यावर, लॅपटॉप मांडीवर,
आणि परदेशातल्या पोरांचे निबंध तपासते.
निबंधामागे अठरा रुपये.

पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं: धिस इज राँग.
तीन शब्द. पुढे पूर्णविराम.
दुपारी क्वालिटीवाल्या मॅडमचा फोन,
आवाज असा, की वाटलं कौतुकच चाललंय:
'शर्वाणी, तुझं बरोबरच आहे गं, पण...'
त्या 'पण'पाशी माझी शिकवणी सुरू झाली.

शिकले.
चुकीला चूक म्हणायचं नाही, संधी म्हणायचं.
'तू' काढून टाकायचा. स्वल्पविराम
कोणी विसरलेला नसतो, तो राहून गेलेला असतो,
बाजेवर पाहुण्याचा दुपट्टा राहून जावा तसा.
आधी 'परहॅप्स', मग 'माइट', मग 'अ लिटल',
आणि एवढी टरफलं काढल्यावर
सापडलाच तर दाणा.
'इंटरेस्टिंग' म्हणजे काही जमलेलं नाही.
'क्वाइट गुड' म्हणजे गुड नाही.
हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

आई मुंगवड्या घालता घालता विचारते,
'काय लिवलं त्या पोट्ट्याले?'
'लिहिलं, दुसऱ्या परिच्छेदाला अजून थोडा वेळ मिळाला
तर कदाचित तो खुलेल.'
'म्हंजे?'
'म्हणजे दुसरा परिच्छेद भिकार आहे.'
'मंग तसं लिव ना व माय!
पोट्टं का वर्षभर खुलवतच बसन?'

आणि हे म्हणणारी कोण?
जिने मोठ्या जावयाला आठ दिवसांत
एकदाही 'निघा' म्हटलं नाही.
तो बाजेवर लोळत होता, आणि ही अंगणातून शेळीला:
'चंद्रे, पाला खातं पोतंभर, दूध देतं वाटीभर.
कुठलोग पुरन व पाला?'
जावई संध्याकाळच्या हिंगणघाटच्या गाडीने गेला.

बेबीमावशी रश्शाला नावं ठेवत नाही,
फक्त तीनदा पाणी मागते.
भजनात काका सूर सोडतो तेव्हा
नथ्थू उईके तबला थांबवतो, हातोडी घेतो,
आणि लागलेलाच तबला पुन्हा लावत बसतो,
काका खाली उतरेपर्यंत.

लेकी बोले सुने लागे.
मॅडमना हे सांगावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं.
त्या 'इंटरेस्टिंग' म्हणाल्या असत्या.

मग मार्चात मेल आला. आठ ओळी.
माझ्या मेहनतीचं मनापासून कौतुक.
माझ्या शेऱ्यांतला ताजेपणा.
आणि या टप्प्यावर, ही भूमिका माझ्या गुणांना
पुरेसा न्याय देते का, याचा विचार होणं
कदाचित उपयुक्त ठरेल.

दोनदा वाचलं आणि खूश झाले.
वाटलं, बढती.

तिसऱ्यांदा वाचलं ते निबंध तपासावा तसं.
'परहॅप्स' खोडलं. 'माइट' खोडलं.
'अ लिटल' नव्हतंच.
कर्ता शोधला, तोही नव्हता.
मला कोणीच काढत नव्हतं.
मी राहून गेले होते.

पोतं झटकलं, घरी आले.
आईने काही विचारलं नाही. अंबाडीची भाजी वाढली.
भाजी तिखट नव्हती.
मी तीनदा पाणी मागितलं.

तिने तांब्या माझ्यापाशी ठेवला, अंगणात गेली,
आणि पार टाकीपर्यंत ऐकू जावं एवढ्या मोठ्याने
शेळीला म्हणाली,
'लाथ मारायची तं सरळ मार ना व!
शेपूट हालवू हालवू कायले मारतं?'

चंद्रीने काहीच केलं नव्हतं.
दाव्याला उभी होती, पाला चघळत.
तरी जराशी बाजूला सरकली.