स्थापना साल

पेंटर विचारतो, बोर्डावर साल कुठलं टाकू?
शेडच्या दाराशी डब्यात पांढरा रंग ढवळत उभा आहे.
नाव लिहून झालंय,
खाली चार बोटं जागा सोडलीय.

तात्या म्हणतात, बहात्तर टाक,
दुष्काळात कुणीतरी दावं सोडून हाकललेली
पहिली म्हैस त्या साली दारात आली.
बिराचुलते म्हणतात, त्याआधी काय आपण वाऱ्यावर जगलो?

वाऱ्यावर नाही, मेंढरांवर.
धुळाप्पा दुसऱ्याचा कळप राखायचा.
वर्षाला एक कोकरू आणि एक घोंगडं, हा पगार.
बारा वर्षांत बारा कोकरं व्हायची,
जगली सात.
सातांची चाळीस कशी झाली
हे कुणालाच नीट सांगता येत नाही
आणि आम्हीही फार खोदून विचारत नाही.

वही नव्हती. काळ्या लोकरीची दोरी होती,
दर जित्राबाला एक गाठ.
विकलं की गाठ सोडायची,
मेलं की गाठीला भंडारा लावून तशीच ठेवायची.
पत्र्याच्या पेटीत ती दोरी अजून आहे.
हात लावला की बोटं पिवळी होतात.
साल तेवढं तिच्यात नाही.

लगमव्वा चिकोडीकडून लग्न होऊन आली.
तिला मराठी येत नव्हतं, मोजता येत होतं.
सांजेला जाळीच्या तोंडाशी बसायची,
ओंदु, एरडु, मूरु,
प्रत्येक पाठीवर हात पडायचा.
आमच्यात अजून मेंढरं कानडीत मोजतात
आणि म्हशी मराठीत.
मला कानडी शंभरापर्यंतच येतं.
त्याच्या पुढची गरजही आता पडत नाही.

उचगावचा हा माळ कसा मिळाला,
ते मात्र कागदावर आहे.
एका ऊसवाल्याच्या रानात तीन उन्हाळे वाडा बसवला,
लेंडीखताच्या बदल्यात जोंधळे ठरले होते.
चौथ्या साली जोंधळे नाहीत म्हणाला,
कुसळाशिवाय काही न येणारा हा तुकडा दिला.
धुळाप्पा दोन दिवस जेवला नाही.
त्याला जोंधळे हवे होते.

पुढं वाटणी झाली. बिरदेवाच्या देवळात भंडारा उचलून
सिदाआजोबांना म्हशी, मायाप्पाला मेंढरं.
कुत्रं दोघांच्यात.
ते चार दिवस इकडून तिकडं पळत राहिलं,
पाचव्या दिवशी मेंढरांमागं गेलं
आणि आजोबांनी म्हणे त्या रात्री पहिल्यांदा दारू घेतली.

आजोबा पहाटे दोनला म्हशी घेऊन निघायचे,
गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढायची,
फेसाला पैसे नाहीत.
पाडव्याला त्याच म्हशींची शिंगं रंगवायची,
मोरपिसं खोचायची,
मग तात्या फटफटीवर पुढं
आणि मागं गौरा, शेपूट वर करून, सगळ्या गर्दीतून,
फक्त तात्यांच्या आवाजावर.

लोकरीला आता भाव नाही.
कातरली की ओढ्याच्या कडेला टाकतो.
पावसाळ्यात ती भिजून फुगते
आणि लांबून मेंढरू मेल्यासारखं दिसतं.
बिराचुलते त्या बाजूनं जात नाहीत.

पुराच्या साली
शिरोलीच्या, बावड्याच्या म्हशी इथं आणून बांधल्या.
पाणी खाली, हा माळ वर.
धुळाप्पाला नको असलेल्या तुकड्यावर
एकशे साठ जनावरं आठ दिवस उभी होती.
कुणाची धार कुणी काढली, हिशेब नाही.
मी रोज मोजायची, मराठीत.
आता हायवेकडचे एजंट येतात, चहा पितात,
गुंठ्याचा भाव सांगतात.
चहा आम्ही चांगला करतो.

रंगावर साय धरायला लागली.
तात्या आणि चुलते अजून साल भांडतायत.
मी म्हटलं, साल राहू दे, मोबाईल नंबर टाक.
पेंटर म्हणाला, एवढ्यात दहा आकडे बसत नाहीत.
बारीक करून बसव की.

तो सुतानं जागा मोजायला लागला.
तेवढ्यात मेंढरं आली
आणि मी जाळीशी गेले.
इप्पत्तएरडु.
पुन्हा मोजली.
मागून एक लंगडं येत होतं.
इप्पत्तमूरु.