हंगाम

नव्या नर्सबाईच्या ड्रेसचं माप घेतलं
तेव्हा पावतीवर तिनं नाव लिहिलं, इबेमचा,
मी दोनदा चुकीचं वाचलं.
सेलूच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळी,
गाव कुठंतरी मणिपुरात.
शिलाई दिली, आणि वर एक पुडी:
मोहरीसारखं बारीक, तांबूस बी.

काय म्हणतात याला तुमच्याकडं?
"हंगाम."
हंगाम कळला बाई, भाजीचं नाव सांगा.
"हंगाम."
असं बराच वेळ चाललं आमचं.

दुकानामागं दोन मशिनी मावतील एवढी जागा.
चुका, शेपू, कडेनं अंबाडी.
दिवाळी उरकली, गिऱ्हाइकं पांगली,
तेव्हा टेप लावून नऊ-नऊ इंचावर बी टोचलं.
शमशादबी भिंतीवरून लेंडीखताची पाटी देताना म्हणाली,
"मास्टर, भाजीकू बी नाप लेते क्या?"

नळ आठव्या दिवशी.
तांदळाचं धुवण, भांड्यांचं विसळण,
सगळं तिकडंच.
मावा पडला तर कोळशाच्या इस्त्रीतली राख
मलमलच्या चिंधीतून गाळून टाकली पानावर
जशी लेकराच्या अंगाला पावडर.

पौषात पान मोजलं: सोळा इंच.
तिच्या बाहीहून सहा इंच जास्त.

कुशावर्तानं लसूण तव्यातच ठेचला,
ज्वारीच्या कण्या घालून गरगटं केलं.
एका घासात माझ्या नाकात चढलं.
नर्सबाई पाळी संपवून आली, उंबऱ्यातच बसली.
म्हणाली, आई यात सुकी मासळी घालते.
कुशावर्ता "अगं बाई" म्हणाली
आणि आणखी एक डाव वाढला.
मी विचारलं, तिकडच्या वाफ्याला आता पाणी कोण घालतं?
तिनं मोडलेली भाकरी पुन्हा मोडली.
मी उगाच सुईत दोरा ओवत बसलो.

माघात ऊन वाढलं, तशी
भाजी एकाएकी उंच झाली,
कमरेएवढी, मग छातीएवढी,
डोक्यावर पिवळी फुलं.
पानं चिवट झाली, कामातून गेली.
उपटा म्हणाली शमशादबी.
मला हात धजेना.
मापात न बसणारं काही
कितीतरी वर्षांत माझ्या हातून झालं नव्हतं.

शेंगा वाळल्या, तडकल्या.
बी बटणांच्या डब्यात भरलं,
झाकणावर खडूनं लिहिलं: हंगाम.

आता लग्नसराई.
जाकिटं, शेरवान्या, वरबापाचे नेहरू शर्ट.
गल्लीतून जाणारा प्रत्येक जण विचारतो,
काय मास्टर, कसा काय हंगाम?
मी पायडल थांबवत नाही.
डब्यात आहे, म्हणतो.