उताराची बाजू

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकवताना
मी भिंत धरते.
टाचेत काच. रोज तीच जागा, रोज नवी काच.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती रागाची.
माझी नुसतीच जायची. रागवायचं कुणावर?

सव्वीस वर्षं मी थंडर बेमध्ये पत्रं वाटते,
इर्या लेह्तोनेन, पाचशे बारा दारं,
त्यातली निम्मी पायऱ्या चढून.
फेब्रुवारीत उणे तीस असतं तेव्हा दुखणंसुद्धा गोठतं,
एप्रिलमध्ये बर्फाबरोबर वितळून
पुन्हा वाहायला लागतं.

विमा कंपनीच्या कागदावर होतं:
दोन वर्षांतून एक जोड, मापानुसार.
मग काय,
सगळ्या गावाला माझे पाय आवडायला लागले.

मॉलमध्ये, मोबाइलच्या कव्हरांशेजारी,
एका पोराने मला काचेवर उभं केलं.
पडद्यावर पावलं उमटली लाल, पिवळी, निळी,
न पाहिलेल्या कुठल्याशा बेटांसारखी.
"लाल म्हणजे वाईट," तो म्हणाला.
किती वाईट, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
बूट काढायला लावले त्याने,
बुटांकडे बघितलं नाही.
नव्वद सेकंद. कार्ड चालेल म्हणाला.

दुसरीकडे इनसोलवर धावायचे बूट फुकट होते,
पावतीत मात्र त्यांचं नाव येणार नव्हतं.
"तुमचं शिक्षण?" मी विचारलं.
बाईने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं.
मी टपालवाली. बारीक अक्षर वाचायची सवय आहे:
शनिवार-रविवारचं शिबिर, विक्री विभाग.

शेवटी रेंझोने, ज्याच्या चवड्यावरचं कुरूप
आमच्या सबंध डेपोला तोंडपाठ आहे,
पत्ता न सापडलेल्या पाकिटाच्या पाठीवर
एक नाव लिहून दिलं. लॉर्ना मूनियस, पेडॉर्थिस्ट.
नोंदणी क्रमांक मी फोन करून ताडून घेतला.
पलीकडचा माणूस म्हणाला, असं कुणी विचारत नाही.

तिच्या खोलीत सरसाचा वास, मागे सहाण फिरत होती,
टेबलावर प्लास्टरची पांढरी धूळ.
पायांना तिने हात लावला नाही.
आधी माझे जुने बूट उचलले, पालथे केले,
दिव्याखाली धरले,
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
मला उगीच लाज वाटली,
घरातला पसारा कुणी अचानक पाहावा तशी.

"चाल," म्हणाली. बोळातून चार फेऱ्या. "आता माझ्याशी बोलत चाल,
म्हणजे नीट चालायचं विसरशील."
मग गुडघ्यावर बसून अंगठ्याने टाच दाबत गेली,
आणि नेमक्या त्या काचेवर थांबली.
मी ओरडले. तिने तारीख घालून लिहून घेतलं.

"दोन्ही बूट डाव्या अंगाला झिजलेत," ती म्हणाली.
"रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालतेस?"

डावीकडून. समोरून गाड्या दिसाव्यात म्हणून,
जिथे फुटपाथ नाहीत त्या सगळ्या गल्ल्यांतून.
रस्ता मधे उंच, कडेला उतरता.
सव्वीस वर्षं माझा डावा पाय गटाराच्या अंगाला
आणि उजवा पाय दोघांची समजूत काढत.

कुणी विचारलं नव्हतं हे.
मीही विचारलं नव्हतं.

ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गार लागल्या.
"पहिल्यांदा बरोबर बसतीलच असं नाही," ती म्हणाली.
"बसेपर्यंत यायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.
आणि सहा आठवड्यांत फरक पडला नाही
तर मी चुकले असेन. मग तुला डॉक्टरांकडे पाठवेन."
मी चुकले असेन, हे वाक्य
त्या दोन दुकानांत विकायला नव्हतं.

दोनदा घासून आणले. तिसऱ्यांदा बसले.
भिंत अजून धरते, सवयीने.
काच आहे, पण आता बोथट.

काल पिशवीत मॉलमधल्या त्या दुकानाची पत्रकं होती,
लाल-पिवळी पावलं छापलेली, पाचशे बारा.
वाटली सगळी. काम आहे.
फक्त गाड्या नसतात त्या गल्ल्यांत
रस्ता ओलांडून
पलीकडच्या कडेने गेले.