टॉवेलाखाली

शाहूपुरीच्या अडतीत बाबा रव्याचा खडा
जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे,
मग भाव.
माझ्या मालाला ना वास, ना रंग.
तीन अक्षरं, एक टिंब, इन.

अक्षर वाढलं की किंमत पडते, मी सांगतो.
मधे स्वर असला तर जीभ अडत नाही, चार पैसे जास्त.
गेल्या साली असलंच एक केवढ्याला गेलं
त्यावरनं ह्याचा अंदाज.

"म्हंजे शेजाऱ्याच्या उसावर आपला उतारा,"
बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक दारात हाय का?"

नव्हतं. वीस वर्षं
नुसतं भाडं भरलं नावाचं.
राजारामपुरीच्या सायबर कॅफेत घेतलेलं,
बारदानावरचा आमचाच शिक्का:
जी, डी, एम. गोंदा दत्तू मगदूम.

काल मेल आली, एस्टोनियातनं कुणी.
आकडा तुम्हीच सांगा म्हणतोय.

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल
माझ्या हातावर टाकला
आणि आत तीन बोटं दाबली, घट्ट.

तीन हजार? तीन लाख?
की ती तीन अक्षरंच?

टॉवेलाखालचं तोंडानं विचारायचं नसतं.
मेल अजून उघडीच आहे.
हाताला गुळाचा चिकटा.