अर्धं सूत

खानापुरात, नंदगड रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये
ते टेबल उभं होतं. बिडाचं, गंजून तांबूस झालेलं,
मधोमध चीर, चिरीतून वर आलेली दातेरी चकती
आणि दात्यांत अडकलेलं कोंबडीचं एक पीस.

मी आजवर एकच स्टूल केलं आहे.
तीन पायांवर ते छान उभं राहतं.
चौथ्याचं काही खरं नाही.

मौनेश बडिगेरांना मी हे सांगितलं नाही.
उलट मोटारीभोवती जाणकारासारखी फिरले,
पट्टा दाबून पाहिला, "बेअरिंग?" म्हणाले,
आणि पुढचं काही सुचेना म्हणून गप्प राहिले.
ते हसले नाहीत. खिशातून रुपयाचं नाणं काढून
टेबलावर कडेवर उभं केलं, खटका दाबला.
शेड थरथरली. पीस कुठं उडालं कळलं नाही.
नाणं उभंच.
"बंद करतो, बघा ओ." मोटार धापा टाकत थांबली,
नाणं तरी उभं. "पडलं असतं तर दोन हजार कमी."

गार्ड?
"ते आधीच्या मालकानं काढलं."
आधीचा मालक म्हणजे त्यांचेच वडील.
माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली असणार,
कारण त्यांनी दोन्ही पंजे पसरून पुढे धरले,
शाळेत नखं दाखवायला धरतात तसे.
"हत्तू अदाव नोड्री. दहाच्या दहा.
ही गॅरंटी. शिक्का नाही तिच्यावर."

मी बेळगावात कोर्टाच्या आवारात टायपिंग करते, वीस वर्षं.
पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस सरकारी वाट,
दक्षिणेस नाला, उत्तरेस वादी स्वतः.
कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत;
चतुःसीमा दोन्हीकडे चारच भरतात.
एका बांधाचं प्रकरण नऊ वर्षं माझ्याकडे ये-जा करत होतं,
भांडण वीतभर जागेचं,
आणि त्या बांधावर एक शेवग्याचं झाड, जे मध्येच वाळून गेलं.

म्हणून असेल, मला त्या यंत्रात सगळ्यात आधी
ती लोखंडी पट्टी कळली: चकतीला समांतर बसते,
लाकूड तिला टेकून सरळ जातं, जावं अशी अपेक्षा असते.
"गाईड किती खरी आहे?"
हा माझा पहिला शहाणा प्रश्न.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोजलं, पुढून, मग मागून,
मग पुन्हा पुढून.
"अर्धं सूत बाहेर जातंय."
खोटं बोलता आलं असतं.

बावीस म्हणाले, मी सोळा. एकोणीसला ठरलं.
टेम्पोत चढवताना त्यांनी टेबलावर हात ठेवला नाही की काही नाही,
फक्त पोत्याची एक घडी कोपऱ्याखाली सारली.

शहापूरच्या आमच्या बोळात चौघांनी उतरवलं.
"काय करूलीस गे हे?" समोरच्या मंदाक्का.
"अजून ठरलं नाही."
उद्यमबागेतून गार्ड करून आणलं, त्याला एकोणीसशे.
रॉकेल, खोबरेल, घासणी, दोन रविवार.
पहिल्यांदा खटका दाबला तेव्हा घरातले दिवे गेले.
दुसऱ्यांदा राहिले.

फणसाची फळी घेतली. हळदीसारखा भुसा,
केसांत, चहात, दाराच्या कडीवर.
पट्टी निघाली एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक.
अर्धं सूत. त्यांनी सांगितलं तेवढंच, जास्त नाही कमी नाही.
फोन लावला. पलीकडे जेवणाचा आवाज.
"दोन बोल्ट ढिले करा. थोडं तुमच्याकडं घ्या.
अजून थोडं. आता हात लावू नका."
दिसत नसताना त्यांना ते कसं कळलं, विचारायचं राहिलं.

ती वाकडी पट्टी मी फेकली नाही.
तिचा निमुळता तुकडा चौथ्या पायाखाली बरोब्बर बसतो.

दिवा घालवण्याआधी बोटं मोजली.
एक, दोन, तीन, चार, पाच,
आणि दुसऱ्या हातावर येताना, का कोण जाणे,
आरु म्हणाले, येळु,
तशीच पुढं गेले.