नंदगडपर्यंत सायकल

अडीच वाजता करंट गेला
आणि वडगावातले सगळे माग एकदम गप्प झाले.
तेवढ्यानं तू उठलास.
एकवीस दिवसांचा जीव,
खटखटीत झोपतोस आणि शांततेला दचकतोस.
विणकराच्या घरात आलास हे वेगळं सांगायला नको.

पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या,
तोंड पिकल्या तोंडल्यासारखं,
पोट टिचकी मारली तर वाजेल असं.
पाजलं. सोडलंस. परत धरलंस, परत सोडलंस.
दूध तुझ्या कानामागून माझ्या कोपरापर्यंत आलं.
आणि मधे कुठंतरी वारा अडकून बसलाय
बोळात शिरलेल्या टेम्पोसारखा,
ना पुढं, ना मागं.

सगळ्यांचं सांगून झालंय.
सासूबाई : हरभऱ्याची डाळ खाल्लीस, आता भोग.
नणंदेचा फोन : बेंबीभोवती हिंग लाव.
समोरची निंगव्वा खिडकीतूनच,
'होट्ट्याग गाळी ऐतव्वा, गाळी.'
दवाखान्यातली सिस्टर तेवढी
कन्नडात सुरू करून मराठीत संपवत म्हणाली,
सहा महिने अंगावरचंच, पाणीसुद्धा नको.
उभा धर, पाठ थोपट, वाट बघ.
वाट बघ हे औषध तिनं चिठ्ठीवर लिहिलं नाही.

उभा धरला. पाठ थोपटली.
खांद्यावर, मग मांडीवर पालथा,
मोरीपासून उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं,
परत अकरा.
एकदा, हे कुणाला सांगणार नाही,
तुला पाळण्यात ठेवून मी मोरीत जाऊन उभी राहिले
कानात बोटं घालून, वीसपर्यंत मोजत.
चौदालाच परत आले.

मग तुला अंथरुणावर उताणा ठेवला,
दोन्ही पावलं माझ्या मुठीत,
आणि म्हटलं, चल, सायकल मार.
आईकडं जाऊया.
माझ्या आईकडं, नंदगडला.

डावा, उजवा. पिरनवाडी आली.
इथं हवा भरून घ्यायची का?
नको, तुझ्यात आहे तेवढी बास.
डावा, उजवा. मच्छे.
कारखान्याची शिफ्ट सुटलीय, बाजूनं घे.
देसूरच्या गेटात थांबूया, रेल्वे जाऊ दे.
इतका रडू नकोस रे,
गेटमनला वाटेल मी मारायलेय.
डावा, उजवा, गुडघे पार पोटापर्यंत.
वाटेतल्या बोर्डावर दोन लिप्या,
त्यातल्या एकीवर कुणीतरी डांबर फासलेलं.
तुला काय त्याचं, तुला अजून एक अक्षर येत नाही.
तुझ्या पोटातल्याचंही तसंच,
मी वारा म्हणते, निंगव्वा गाळी म्हणते,
कुठल्याच हाकेला ओ देत नाही.

इदलहोंडच्या अलीकडं
तू एकदम थांबलास. डोळे मोठे केलेस,
जसं कुणी ओळखीचं दिसावं रस्त्यात.
आणि मग त्या वीतभर देहातून
यल्लाप्पाच्या लग्नातल्या पंगतीला शोभेल असा आवाज.
मी हसले.
अंधारात, एकटी, टाके दुखेपर्यंत हसले.
उचलून धरलं तर पाठोपाठ ढेकर,
आंबूस, कोमट, माझ्या खांद्यावर.

खानापूर राहिलं. नंदगड राहिलं.
आई तिकडं झोपलेली असेल,
तिला कळणारही नाही
आम्ही किती जवळ येऊन परतलो.

साडेतीनला करंट आला.
एकेक माग सुरू झाला,
आधी कोपऱ्यावरचा, मग शेडमधला तुझ्या बापाचा,
तो मी ओळखते, जरा लंगडतो.
तुझा श्वास हळूहळू त्याच्याबरोबर चालायला लागला.
परत अंथरुणावर ठेवलंय,
पण पाय अजून माझ्या हातात आहेत.
सोडले तर उठशील म्हणून धरून बसलेय.
झोपेत मधूनच एक पाय पुढं जातो,
मग दुसरा.